लोखंड कुणा एका राजाचं नव्हतं

लोखंडाच्या इतिहासावरचा एक मजकूर गेली काही वर्षं सतत फिरतो आहे. कधी व्हॉट्सॲपवर, कधी स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये, कधी दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओत. शब्द बदलतात, गोष्ट तीच राहते. ती थोडक्यात अशी : लोखंड बनवण्याची विद्या आधी फक्त आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती राजांना ठाऊक होती आणि त्यांनी ती गुपित म्हणून जपली. इ.स.पू. 1200च्या सुमारास त्यांचं राज्य कोसळलं, गुपित फुटलं आणि लोखंडी तलवारी घेतलेल्या टोळ्यांनी कांस्ययुगातल्या राज्यांचा धुव्वा उडवला, कारण लोखंड कांस्याहून कठीण. हीच विद्या घोड्यांवरून आलेल्या आर्यांनी भारतात आणली. मग लोखंडी कुऱ्हाडींनी गंगेच्या खोऱ्यातलं जंगल साफ झालं, लोखंडी फाळाने धान्य पिकलं, शहरं उभी राहिली आणि लोखंडाच्या खाणी हाताशी असलेला मगध साऱ्यांच्या वरचढ झाला.

गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणून लगेच पाठ होते. पण तिच्यातला जवळपास प्रत्येक दुवा कच्चा आहे आणि काही दुवे तर कित्येक दशकांपूर्वीच तुटलेले आहेत. मला ती खटकते याचं आणखी एक कारण आहे. तिच्यात राजे आहेत, टोळ्या आहेत, साम्राज्यं आहेत. भट्टीपाशी बसून भाता चालवणारा माणूस मात्र कुठेच नाही. आणि लोखंड पसरलं ते त्याच्यामुळे.

“लोखंडाचं गुपित हित्तींकडे होतं”

या दाव्याचा सगळा भार एका पत्रावर आहे. हित्ती राजा हत्तुसिली तिसरा याने इ.स.पू. तेराव्या शतकात, बहुधा असीरियाच्या राजाला लिहिलेलं हे पत्र बोआझकोय या हित्ती राजधानीच्या जागी झालेल्या उत्खननात मातीच्या पाटीवर मिळालं. त्यात तो कळवतो की तुम्ही मागितलेलं चांगलं लोखंड सध्या किझ्झुवात्ना या आमच्या प्रांतातल्या कोठारात नाही, लोखंड करायला हा काळ बरा नाही, तयार झालं की पाठवतो, तोवर एक लोखंडी पातं पाठवत आहे. विसाव्या शतकातल्या काही अभ्यासकांनी यात टाळाटाळ पाहिली आणि त्या टाळाटाळीतून मक्तेदारी काढली. पत्रात तसं काहीच नाही. माल शिल्लक नाही आणि हंगाम नाही, एवढंच त्यात आहे.

शिवाय लोखंडाच्या भेटी फक्त हित्तीच देत नव्हते. त्याआधी शंभरेक वर्षं मितान्नी या शेजारच्या राज्याचा राजा तुश्रत्त याने इजिप्तच्या तिसऱ्या आमेनहोतेपला पाठवलेल्या नजराण्याच्या यादीत लोखंडी पात्याचा खंजीर आहे. तुतनखामुनच्या थडग्यातला प्रसिद्ध खंजीरही इ.स.पू. चौदाव्या शतकातलाच. 2016मध्ये त्याच्यावर क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा निकेलचं प्रमाण सुमारे 11 टक्के निघालं. म्हणजे ते लोखंड उल्केचं. इजिप्तमधल्या गेर्झेह इथले इ.स.पू. 3200च्या आसपासचे छोटे मणीसुद्धा उल्केच्या लोखंडाचेच आहेत.

खनिजापासून केलेलं लोखंडही हित्ती साम्राज्याहून जुनं आहे. अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, कामान-कालेहोयुक इथे इ.स.पू. 1800च्या सुमारच्या थरात पोलादाचा तुकडा मिळाला. त्याच काळात अनातोलियातल्याच कुल्तेपे इथे व्यापार करणाऱ्या असीरियन सौदागरांच्या पाट्यांवर लोखंडाचा भाव चांदीच्या 40 पटींपर्यंत चढलेला दिसतो. भाव इतका चढा असलेली वस्तू गुपित असण्यापेक्षा दुर्मीळ असते. आणि ती दुर्मीळ होती याचं कारण भट्टीत सापडतं.

तांबं 1085 अंशांना वितळतं. लोखंडाला 1538 अंश लागतात, आणि एवढा ताव त्या काळातल्या पश्चिम आशियातल्या किंवा भारतातल्या कोणत्याही भट्टीत येत नव्हता. म्हणून लोखंड वितळवून ओतता येत नसे. खनिज आणि कोळसा थरावर थर रचून, भात्याने वारा देत 1200 अंशांच्या आसपास नेलं की मळी, म्हणजे खनिजातला वितळलेला कचरा, पातळ होऊन खाली वाहते आणि वर उरतो स्पंजासारखा सच्छिद्र, मळीने भरलेला गोळा. हा गोळा तांबडालाल असतानाच घणाने ठोकत, पुन्हा तापवत, पुन्हा ठोकत मळी बाहेर काढायची, तेव्हा कुठे कामाचं लोखंड हाती येतं. हे कळायला कुणाच्या कोठाराची किल्ली लागत नाही. हाताला आणि डोळ्याला वर्षानुवर्षांची सवय लागते. तांब्याच्या भट्टीवर काम करणाऱ्यांना लोहखनिज ओळखीचंही होतं. जॉर्जियातली क्वेमो बोलनिसी ही जागा 1950च्या दशकात लोखंडाचा जुना कारखाना म्हणून जाहीर झाली होती. 2025मध्ये तिथल्या मळीचा नव्याने अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की तिथे तांबं गाळलं जात होतं आणि मळी नीट सुटावी म्हणून त्यात लोहखनिज मुद्दाम घालत होते. असे तांबटकामाचे अनुभव एकाहून अधिक ठिकाणी लोखंडापर्यंत पोचले असणं अगदी शक्य आहे.

“लोखंड कांस्याहून कठीण, म्हणून लोखंडवाले जिंकले”

साधं भट्टीतलं लोखंड कांस्याहून कठीण नसतं. तांब्यात दहाएक टक्के कथील घालून केलेलं कांस्य थंड ठोकून घट्ट केलं तर ते साध्या लोखंडाहून चांगलंच कठीण होतं. शिवाय ते गंजत नाही आणि साच्यात ओतता येतं. लोखंड कांस्याच्या पुढे जातं ते त्यात कोळशातला कार्बन मुरून पोलाद झाल्यावर, आणि त्या पोलादाला नीट पाणी दिल्यावर, म्हणजे लालभडक तापवून एकदम पाण्यात बुडवल्यावर. पाणी जास्त बसलं तर धार काचेसारखी तडकते, म्हणून पुन्हा थोडं तापवून तो कडकपणा उतरवावा लागतो. या साऱ्या गोष्टी लोहारांच्या हातात यायला अनेक पिढ्या गेल्या. इ.स.पू. 223मध्ये रोमनांशी लढणाऱ्या गॉल लोकांच्या तलवारी पहिल्याच घावात वाकत आणि पायाने दाबून सरळ कराव्या लागत, असं ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो. त्यात थोडी अतिशयोक्ती असेलही, पण ‘लोखंड म्हणजे अजिंक्य’ ही कल्पना निदान त्याची नव्हती.

आता इ.स.पू. 1200च्या त्या प्रसिद्ध पडझडीकडे पाहा. तेव्हा भूमध्य समुद्राभोवती पसरलेल्या नव्या लांब तलवारी कांस्याच्या होत्या. बाराव्या शतकातली बहुतेक हत्यारं कांस्याचीच मिळतात. लोखंड वरचढ होताना दिसतं ते दहाव्या शतकाच्या आसपास. म्हणजे आधी राज्यं पडली आणि लोखंड मागाहून रुळलं. परिणामाला कारण म्हणून पुढे बसवलं आहे, इतकंच.

सगळ्यात ठोस उत्तर चीनमध्ये मिळतं. चीनमध्ये इ.स.पू. पाचव्या शतकापर्यंत बिडाचं, म्हणजे वितळवून साच्यात ओतलेल्या लोखंडाचं, ओतकाम चांगलं रुळलं होतं. लोखंड खरोखर वितळवण्यात ते इतरांच्या शेकडो वर्षं पुढे होते. पण इ.स.पू. 221मध्ये सारा चीन एका छत्राखाली आणणाऱ्या छिन राज्याच्या सम्राटाच्या थडग्याजवळ जी मातीची सेना पुरली आहे, तिच्या हातातली शस्त्रं जवळपास सगळी कांस्याची आहेत. बाणांची कांस्याची टोकंच हजारोंनी मिळाली. लोखंड तेव्हा नांगरांना आणि कुदळींना जास्त लागत होतं. पुढे हान राजवटीने इ.स.पू. 117मध्ये मीठ आणि लोखंड या दोन धंद्यांवर सरकारी मक्ता बसवला. मिठाच्या पंगतीला लोखंड बसलं, कारण शेतकऱ्याचं दोन्हीवाचून चालत नव्हतं.

मग लोखंड पसरलं कशामुळे? माझ्या मते उत्तर कथिलात आहे. कांस्याला कथील हवं आणि कथील मोजक्याच ठिकाणी मिळतं. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे इ.स.पू. 1300च्या सुमारास बुडालेल्या जहाजात सुमारे 10 टन तांबं आणि 1 टन कथील होतं. अशी जहाजं फिरवायला राजवाडे, लेखनिक, बंदरं आणि सुरक्षित मार्ग लागतात. लोहखनिज मात्र अनेक मुलुखांत डोंगरउतारावर किंवा नदीपात्रात पडलेलं असतं. खनिज, लाकडाचा कोळसा, माती, भाता आणि जाणकार हात एवढ्यावर लोखंड होतं. कथिलाचा पुरवठा अचानक आटला म्हणून लोक लोखंडाकडे वळले, असं एक जुनं मत आहे. पण त्या काळातलं कांस्य तपासलं तर त्यात कथील पुरेसं आढळतं, त्यामुळे ते मत आता फारसं टिकत नाही. आटलं ते कथील नसून कांस्यावर राजवाड्यांची असलेली पकड असावी. गावातल्या माणसाला परवडणारी कुऱ्हाड ही खरी नवी गोष्ट होती.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत तर बहुतेक ठिकाणी मधलं कांस्ययुगच आलं नाही. नायजेरियातल्या नोक संस्कृतीच्या लोकांनी दगडाच्या हत्यारांवरून थेट लोखंडाकडे मजल मारली. तारुगा इथल्या त्यांच्या भट्ट्या इ.स.पू. पहिल्या सहस्रकाच्या मध्यावरच्या आहेत. ही विद्या त्यांनी स्वतः शोधली की उत्तरेकडून आली, यावर वाद चालू आहे. पण दगड, मग तांबं-कांस्य, मग लोखंड अशी शिडी प्रत्येक समाज चढतोच, हे शालेय चित्र तिथे लागू पडत नाही.

“आर्यांनी लोखंड भारतात आणलं”

मध्य आशियातून भारतात स्थलांतर झालं का, कधी झालं, किती झालं हा वेगळा आणि मोठा प्रश्न आहे. लोखंड त्याचा पुरावा ठरत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे. ज्या काळात हे स्थलांतर झालं असं मानतात, त्या इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या पूर्वार्धात मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातले लोक तांबं-कांस्यच वापरत होते. जे त्यांच्याकडेच नव्हतं ते त्यांनी आणलं कसं?

दुसरीकडे, पुरातत्त्वज्ञ राकेश तिवारी यांच्या उत्खननांत उत्तर प्रदेशातल्या चंदौली जिल्ह्यातलं मल्हार, सोनभद्रमधला राजा नल का टीला आणि लखनौजवळचं दादूपूर इथे इ.स.पू. 1800 ते 1000 या काळातलं लोखंड मिळालं. मल्हारला भट्ट्यांचे अवशेष, भात्याच्या नळ्या आणि मळीही आहे, म्हणजे ते तिथेच गाळलेलं. ही ठिकाणं वायव्येच्या खिंडींपासून किती दूर आहेत ते नकाशावर पाहावं. कर्नाटकातल्या हल्लूर इथे तर 1960च्या दशकातच इ.स.पू. 1000च्या आसपासचं लोखंड मिळालं होतं आणि ‘उत्तरेकडून दक्षिणेकडे’ या सरळ बाणाविषयी तेव्हाच शंका निर्माण झाली होती. लोखंडाची सुरुवात भारतात एकाहून अधिक ठिकाणी आणि स्वतंत्रपणे झाली असावी, हे मत पुरातत्त्वज्ञ दिलीप चक्रवर्ती यांनी 1976मध्ये मांडलं. त्यानंतरच्या शोधांनी ते भक्कमच केलं आहे.

आणि इथे विदर्भाचा उल्लेख टाळता येणार नाही. नागपूरच्या भोवती जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड, भागीमोहारी अशा ठिकाणी दगडांची मोठमोठी वर्तुळं आहेत. त्यांच्या आत माणसांबरोबर त्यांच्या वस्तू पुरल्या आहेत : लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, छिन्न्या, पळ्या, कुदळी, आणि घोड्यांचे लगाम. काही घोडे पुरलेलेही आहेत, तांब्याच्या दागिन्यांनी सजवलेले. कुऱ्हाडीचं पातं दांड्याला घट्ट बसावं म्हणून फुलीसारखे आडवे लोखंडी पट्टे वापरले आहेत. इतका विचार नवशिका लोहार करत नाही. घोडा आणि लोखंड एकत्र दिसले की ‘आर्य’ म्हणून मोकळं व्हायचं, ही सवय इथे अडखळते, कारण शिळावर्तुळांची ही परंपरा दक्षिणेकडच्या महापाषाणीय, म्हणजे मोठमोठ्या दगडांची दफनस्थळं उभारणाऱ्या, लोकांशी जोडलेली आहे. नैकुंडला शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांना गोलाईदार विटांची लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली, आसपास मळीसकट. म्हणजे माल बाहेरून येत नव्हता, तिथेच तयार होत होता.

याच काळात पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगावचे शेतकरी काय वापरत होते? तांबं आणि दगडाची पाती. इ.स.पू. 1600च्या सुमारास वसलेलं हे गाव इ.स.पू. 700च्या आसपास उजाड झालं, तोवर विदर्भात लोखंड चांगलं मुरलेलं होतं. आजच्या एकाच राज्याच्या दोन टोकांना दोन ‘युगं’ शेजारी नांदत होती. लोखंड टोळधाडीसारखं आलं असतं तर असं दिसलं नसतं.

“लोखंडी कुऱ्हाडीने जंगल तोडलं आणि शहरं झाली”

या दाव्यामागे नावं मोठी आहेत. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहून काम केलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी गंगेच्या खोऱ्यातली जंगलतोड, मगधाजवळच्या खाणी आणि राज्यसत्ता यांचा संबंध जोडला. राजांच्या वंशावळीऐवजी धान्य पिकवलं कुणी आणि कशाने, हा त्यांचा प्रश्न फार मोलाचा होता आणि आजही आहे. पण त्यांनी मांडलेली शक्यता आपण परीक्षेतलं उत्तर करून टाकली, आणि नंतर आलेला पुरावा वाचलाच नाही.

पहिली अडचण काळाची आहे. गंगेच्या खोऱ्याच्या कडेला इ.स.पू. 1800पासून लोखंड होतं, तर शहरं आली इ.स.पू. 600च्या आसपास. मधली हजारेक वर्षं कुऱ्हाडी काय करत होत्या? दुसरी अडचण हत्यारांची. एटा जिल्ह्यातल्या अतरंजीखेड्याच्या जुन्या थरांत बाणांची आणि भाल्यांची टोकंच ठळकपणे दिसतात. जखेडा या ठिकाणासारखा अपवाद सोडला तर फाळ आणि शेतीची अवजारं मोठ्या प्रमाणावर येतात ती नंतर, म्हणजे शहरांबरोबर किंवा शहरांच्या मागोमाग. तिसरी गोष्ट : जंगल हटवायला लोखंडच लागतं असं नाही. विस्तव आणि दगडी कुऱ्हाड यांच्या जोरावर जगभर शेती सुरू झाली. हडप्पा आणि मोहेंजोदडो ही शहरं तर लोखंडाविनाच उभी राहिली.

चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुरातत्त्वज्ञ मक्खन लाल यांनी कानपूर जिल्ह्यातल्या जुन्या वस्त्यांचं सर्वेक्षण करून 1980च्या दशकात दाखवलं की त्या काळातल्या लोकसंख्येला पोसायला प्रचंड जंगलतोडीची गरजच नव्हती आणि गंगेच्या मैदानातली मोठी जंगलं पुढेही अनेक शतकं उभी होती. सोळाव्या शतकात बाबर आपल्या आठवणींत काल्पीच्या मुलुखात रानटी हत्ती असल्याचं नोंदवतो. काल्पी यमुनेकाठी, कानपूरपासून जवळच आहे. मौर्यांच्या आधीच जंगल साफ झालं असतं तर त्यानंतर दोन हजार वर्षांनी तिथे हत्तींचे कळप कुठून आले?

मगधाच्या खाणींबद्दल थोडक्यात. लोहखनिज फक्त छोटा नागपूरच्या बाजूला नव्हतं. सोनभद्र-मिर्झापूरकडे, ग्वाल्हेर-आग्र्याकडे आणि दख्खनमध्येही होतं. मगधाच्या शत्रूंनाही लोखंड मिळत होतंच. मगध का जिंकला याला नद्या, हत्ती, भाताची सुपीक जमीन आणि राजकारण अशी बरीच कारणं आहेत. एकट्या खाणीवर त्याचा निकाल लावता येत नाही.

याचा अर्थ लोखंडाने काही बदललं नाही, असा मुळीच नाही. बदल खोल होता, फक्त तो वेगळ्या वाटेने आला. सुत्तनिपात या जुन्या पाली बौद्ध ग्रंथातल्या कसिभारद्वाज सुत्तात एक उपमा आहे : दिवसभर तापलेला फाळ पाण्यात टाकला की जसा चर्र आवाज होतो, तसा. श्रोत्यांना तो आवाज ओळखीचा होता, म्हणूनच ती उपमा आली. लोखंड तोवर रोजच्या जगण्याचा भाग झालं होतं. आपल्या सह्याद्रीत भाजे, कार्ले, अजिंठा इथला काळा पाषाण पोखरला गेला तो छिन्नीच्या घावांनी, आणि ते घाव आजही भिंतींवर बोटाने चाचपता येतात. छिन्नी बोथट होते. तिला रोज धार लावणारा लोहार जवळपास असल्याशिवाय एकही लेणं पुरं झालं नसतं, पण कार्ल्याच्या शिलालेखांत दानशूर व्यापाऱ्यांची नावं वाचताना तो आपल्या डोळ्यांसमोर येत नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात जांभ्यातलं लोखंड गाळणारे धावड एकोणिसाव्या शतकापर्यंत हे काम करत होते. बलुतेदारीत लोहाराला जागा मिळाली, मान मात्र बेताचाच मिळाला. समाज बदलला म्हणायचं तर हाही बदलच आहे, आणि त्याची नोंद कुठल्याच फिरत्या मजकुरात नसते.

आता उलटा मजकूर

जानेवारी 2025पासून दुसरा एक दावा जोरात आहे : लोखंड तमिळनाडूत 5,300 वर्षांपूर्वी जन्मलं आणि तिथून जगभर गेलं. त्याला आधार आहे तो तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याच्या अहवालाचा. तुतुकुडी जिल्ह्यातल्या शिवगळै इथे लोखंडी वस्तूंसोबत मिळालेल्या कोळशाच्या तारखा इ.स.पू. 3345पर्यंत मागे जातात. नमुने एकाहून अधिक प्रयोगशाळांत तपासले गेले आहेत आणि ते गंभीरपणेच घ्यायला हवेत. पण त्याच शिवगळैतल्या एका दफनकुंभातल्या भाताची तारीख इ.स.पू. 1155 आली होती. कृष्णगिरी जिल्ह्यातल्या मयिलाडुम्पारैची तारीख आहे इ.स.पू. 2172. कोळशाची तारीख म्हणजे लाकूड वाढलं त्याची तारीख. वस्तू घडली त्याची नव्हे. इतक्या जुन्या काळातली भट्टी आणि मळी, तीही अनेक ठिकाणी, मिळू लागली तर चित्र पक्कं होईल. आणि तसं झालं तरी ‘तिथून जगभर गेलं’ हे वाक्य त्यातून निघत नाही. हित्तींचा मुकुट काढून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला की गोष्टीतली चूक जात नाही.

हा पुरावा पुढे कुठून येणार, तर मळीतून. दिसायला ती काळी, जड, भोकाभोकांची ढेकळं असतात; शेतात नांगराला अडतात, म्हणून बांधावर फेकली जातात किंवा रस्त्याच्या भरावात जातात. नागपूरभोवतीची शिळावर्तुळंही वस्ती आणि खाणींच्या रेट्यात नष्ट होत आहेत. आपल्या शिवारात अशी मळी, भाजलेल्या मातीच्या नळ्या किंवा दगडांचं वर्तुळ दिसलं तर ते जागचं हलवू नका. फोटो काढा, गट क्रमांक लिहून ठेवा आणि राज्य पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.